दहावी केव्हाच संपली, ताई

*“बँकेत नोकरी, बदलापूरहून रोजची लोकल, घरी सासूबाईंचं आजारपण. कशातच मन रमत नाही. ध्यानाचं ॲप घेतलं, दोन दिवसांत कंटाळले. घरचे सगळे चांगले आहेत, तक्रार नाही. पूर्वी पेटी वाजवायचे, मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या. मुलाच्या दहावीला ती माळ्यावर ठेवली. तो आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. छोटासा आनंद कुठे शोधू?”*

ताई, लोकल आणि बँक राहू द्या. दहावी होऊन तीन वर्षं उलटून गेली आणि पेटी अजून माळ्यावर? घरचे चांगले असतीलही, पण एवढ्या काळात त्यांतल्या एकालाही ती आठवली नाही. आणि तुम्ही “तक्रार नाही” लिहून मोकळ्या! राग येतो हो वाचून, थोडा तुमचाही.

येत्या रविवारी पेटी खाली काढा. दोघांनी धरा, भात्याला धरून उचलू नका. लगेच वाजवायचीही नाही. कोरड्या मलमलीने पुसा, पट्ट्यांमधली धूळ मऊ ब्रशने काढा. ओलं फडकं नको, तेल नको. उन्हात तर अजिबात ठेवू नका, लाकूड उलतं आणि सांधे सुटतात. दोन दिवस खोलीतल्या हवेवर राहू द्या.

मग समोरच्या सगळ्या खुंट्या, म्हणजे हवा सोडणारी ओढायची बटणं, बंद करून भाता भरा. तो लगेच बसला तर कुठेतरी हवा गळतेय. उंदरांनी कापड कुरतडलेलं असू शकतं. ते काम दुरुस्तीवाल्याचं. एखादा सूर मुका असेल तर बहुतेक धूळच असते. तीच पट्टी भरल्या भात्यावर भराभर दाबा, पुष्कळदा सुटतो. नाही सुटला तर सुरी-सुई घालून खरवडू नका. आतली पितळी जीभ, जिच्या थरथरण्यातून सूर निघतो, ती टोकाला जरा घासली गेली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, आणि मग तो सूर बिघडलाच समजा.

वाजवायचं रोज वीस मिनिटं, बँकेतून आल्यावर. आधी नुसता सा धरा आणि श्वास पुरेल तितका गळ्यातून लावा. मग भूप रागातले पलटे, म्हणजे सरावाच्या सुरावटी, अगदी संथ. मध्यमाच्या परीक्षेतला राग पहिले पंधरा दिवस काढू नका. बोटं अडखळणार, “पूर्वी कसं वाजायचं” सुरू होणार आणि तिसऱ्या दिवशी झाकण बंद. सवय मोडलेला हात भाताही जोरात मारतो, त्याने सूर हेलकावतो. बोटांनी हलकेच भरा, रिकामा होण्याआधी. आणि कृपा करून स्टेटसला व्हिडिओ टाकू नका.

पेटी दिवाणखान्यातच राहील, टीव्हीशेजारी. तेवढ्या वेळात कुकर कोण लावणार, हे मला विचारू नका. चिरंजीव इंजिनिअर होणार आहेत, त्यांना तीन शिट्ट्या मोजता येतील.