जेआरएफ नेमकी कुणाच्या नावावर?

प्रश्न : वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालं आहे. नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) निघाली, तिच्यातून मिळणारी जेआरएफ (संशोधनासाठीची कनिष्ठ फेलोशिप) मात्र हुकली. गणेशखिंडीत पुणे विद्यापीठाच्या एका विभागाची जाहिरात पाहिली, ‘प्रकल्पासाठी जेआरएफ पाहिजे’. रुजू झालो की पीएच.डी. सुरू झाली असं धरायचं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही, पीएच.डी.चा प्रवेश वेगळा घ्यावा लागतो. नेटमधून मिळणारी जेआरएफ तुमच्या नावावर असते, जाहिरातीतली जागा प्रकल्पाच्या नावावर. आकडा बहुधा तोच दिसतो, महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता, म्हणून गफलत होते. प्रकल्प संपला की जागा संपली. तीन वर्षांच्या प्रकल्पात दुसरं वर्ष सरताना जाहिरात निघाली, तर तुमच्या वाट्याला जेमतेम वर्ष येतं, पीएच.डी.ला मात्र किमान तीन वर्षं लागतात. तेव्हा मुलाखतीत पगाराच्या आधी हे विचारा, की प्रकल्पाची मंजुरी कधीची आणि महिने किती उरलेत.

त्याहून अवघड प्रश्न, पण विचारायचाच: ‘सर, तुमच्याकडे पीएच.डी.ची जागा रिकामी आहे का?’ यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. नावाजलेल्या सरांकडे हेच दोन अडथळे निघतात. तुमच्या नेटचे गुणही प्रवेशासाठी निकालापासून वर्षभरच चालतात. ‘आधी काम, प्रवेशाचं बघू पुढच्या वर्षी’ म्हणालात तर परीक्षा पुन्हा.

गर्दी सगळी विभागांकडे असते. संलग्न महाविद्यालयांतल्या मान्यताप्राप्त संशोधन केंद्रांकडे कमी जण वळतात, पदवी मात्र याच विद्यापीठाची. मार्गदर्शक निवडण्याआधी ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध काढा, विषय कुठे सरकतोय ते तिथे कळतं. मग ईमेल. ‘आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची तीव्र इच्छा आहे’ हे वाक्य चाळीस जणांना गेलेलं त्यांना लगेच ओळखू येतं. त्याऐवजी ‘एम.एस्सी.च्या प्रकल्पात हरभऱ्याच्या मुळांवरची बुरशी वेगळी केली, मायक्रोस्कोपी स्वतः केली’ एवढं लिहा, सोबत एक पानी माहिती.

प्रश्न : नेटची जेआरएफ मिळाली, पण तीन महिने खात्यात पैसे नाहीत. कुणाला धरायचं?
– एक वाचक, औंध

उत्तर : आधी स्वतःच्या विद्यापीठातच पाहा. यूजीसीच्या फेलोशिपसाठी पोर्टलवर दरमहा तुमची हजेरी कळवावी लागते: विद्यापीठातला एक जण नोंद करतो (मेकर), दुसरा मंजूर करतो (चेकर). दोघांपैकी एकाकडे राहिली की महिना अडकला. ‘पैसे आले नाहीत’ म्हणून अर्ज देऊ नका. ‘अमुक महिन्याची नोंद मेकरकडे आहे की चेकरकडे?’ असं लेखी विचारा. खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे मात्र बँकेत जाऊन स्वतः बघा.