छायाचित्र नेमके कोणाच्या संगणकावर आहे?

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि संकेतस्थळ

प्रश्न : वेळास (ता. मंडणगड) येथे आमच्या राहत्या घरातच आम्ही पर्यटकांच्या मुक्कामाची आणि जेवणाची सोय करतो. कासवे पाहायला येणाऱ्या मंडळींना घर आधी पाहता यावे म्हणून मी स्वतः खटपट करून एक वेबपान तयार केले आणि त्यात अंगण, पडवी, न्हाणीघर, केळीच्या पानावर वाढलेले जेवण अशी चौदा छायाचित्रे घातली. डेस्कटॉपवरच्या फाइलवर दोनदा क्लिक केले की सर्व छायाचित्रे व्यवस्थित दिसतात. मात्र तेच पान इंटरनेटवर चढवल्यावर पुण्याच्या पाहुण्यांना छायाचित्रांच्या जागी फाटक्या चित्राची खूण दिसते. विशेष म्हणजे पत्ता टाइप करून उघडले, तर माझ्या स्वतःच्या संगणकावरही ती दिसत नाहीत. छायाचित्रे डी ड्राइव्हमध्ये जागच्या जागी आहेत. चूक कोठे होत आहे?

उत्तर : आपण दोन्ही प्रकारे पान उघडून पाहिलेत आणि फरक नोंदवून कळवलात, हे फार चांगले केलेत. त्या फरकातच उत्तर आहे.

वर्ड किंवा पीडीएफ फाइलमध्ये घातलेले छायाचित्र त्या फाइलच्याच पोटात जाऊन बसते आणि फाइल कोणालाही पाठवली तरी तिच्याबरोबर जाते. वेबपानाची रीत तशी नाही. मोझॅक या सुरुवातीच्या ब्राउझरचे एक निर्माते मार्क अँड्रिसन यांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये इमेज टॅगची, म्हणजे ‘येथे छायाचित्र दाखवा’ असे ब्राउझरला सांगणाऱ्या खुणेची, कल्पना मांडली, तेव्हापासून पानात छायाचित्र नसते, केवळ त्याचा पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावर जाऊन छायाचित्र आणण्याचे काम वाचणाऱ्याचा ब्राउझर करतो. आपण तो पत्ता आपल्या डी ड्राइव्हमधील फोल्डरचा दिला आहे. पुण्याच्या पाहुण्याला ‘पडवीतल्या फडताळात, दुसऱ्या खणात आहे’ अशी चिठ्ठी पाठवली, तर तो आपल्या पडवीत येऊ शकत नाही. फार तर स्वतःच्या घरात शोधील, आणि तिथे ना पडवी असेल ना फडताळ. पान कोठेही साठवलेले असो, ते उघडते वाचणाऱ्याच्या संगणकावर, आणि ‘डी ड्राइव्ह’ या शब्दांचा अर्थही तिथलाच लागतो.

मग आपल्याच संगणकावर, जिथे ते फडताळ खरोखर आहे, तिथेही छायाचित्रे का दिसू नयेत? येथे ब्राउझर जाणूनबुजून अडवतो. डेस्कटॉपवरून उघडलेल्या पानाचा पत्ता ‘फाइल’ या शब्दाने सुरू होतो. ते पान आपल्याच डिस्कवरचे असल्यामुळे त्याला डिस्कवरचे छायाचित्र दाखवता येते. इंटरनेटवरून आलेल्या पानाला मात्र ती मुभा नसते. कोणत्याही संकेतस्थळाला आपल्या डिस्कवरील छायाचित्र नुसते दाखवू दिले, तरी ते दिसले की नाही आणि त्याची लांबी-रुंदी किती, एवढ्यावरून त्या नावाची फाइल आपल्याकडे आहे हे त्या संकेतस्थळाला ताडता येईल. त्यामुळे ही अडवणूक आपल्या हिताची आहे, आणि ती बंद करण्याच्या युक्त्या कोणी सांगितल्यास त्या कृपया करू नयेत. त्याने पुण्याच्या पाहुण्यांना छायाचित्रे दिसणार तर नाहीतच, शिवाय आपला संगणक उघडा पडेल.

उपाय सोपा आहे. ज्या फोल्डरमध्ये पानाची फाइल आहे, त्याच फोल्डरमध्ये छायाचित्रांसाठी आणखी एक फोल्डर करावा आणि चौदाही छायाचित्रे त्यात ठेवावीत. पानात पत्ता लिहिताना ड्राइव्हचे नाव पूर्णपणे गाळून केवळ त्या फोल्डरचे नाव, पुढे तिरपी रेघ आणि मग फाइलचे नाव एवढेच लिहावे. ही रेघ उजवीकडे झुकणारी हवी. विंडोजच्या पत्त्यात असते ती डावीकडे झुकणारी नको. नंतर पान आणि छायाचित्रांचा फोल्डर हे दोन्ही सर्व्हरवर चढवावे. अशा सापेक्ष पत्त्याचा लाभ हा की, पान डेस्कटॉपवरून उघडा किंवा इंटरनेटवरून, छायाचित्र पानाच्या शेजारीच सापडते.

एवढे करूनही दोन-चार छायाचित्रे हट्टाने दिसली नाहीत, तर फाइलची नावे अक्षर न् अक्षर ताडून पाहावीत. फाइलच्या नावात इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतील भेद विंडोज मानत नाही. बहुतेक सर्व्हर मात्र लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर चालतात आणि तिथे कॅपिटलमधले आणि स्मॉलमधले अशी दोन वेगळी नावे ठरतात. एका वाचनालयाचे पान करताना माझा स्वतःचा अर्धा दिवस याच कारणाने गेला होता : कॅमेऱ्याने नावाच्या शेवटचे ‘जेपीजी’ कॅपिटल अक्षरांत लिहिले होते, मी पानात ते स्मॉल लिहिले होते, आणि माझ्या संगणकावर सारे सुरळीत दिसत असल्यामुळे चूक सापडत नव्हती. म्हणून सर्व नावे स्मॉल इंग्रजी अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता, शब्द आडव्या रेघेने जोडून ठेवावीत. आयफोनवर काढलेली छायाचित्रे एचईआयसी (HEIC) या प्रकारात असण्याची शक्यता असते आणि अनेक ब्राउझर ती दाखवत नाहीत. ती जेपीजीमध्ये बदलून घ्यावीत.

आकाराकडेही लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बारा मेगापिक्सेलच्या फोनमधील छायाचित्र साधारण ४००० बाय ३००० ठिपक्यांचे आणि काही एमबी वजनाचे असते. अशी चौदा छायाचित्रे किनाऱ्यावरच्या मंद रेंजमध्ये उघडेपर्यंत पाहुणा कंटाळून जाईल. रुंदी १२०० ठिपके ठेवून जेपीजी साठवतानाचा दर्जा (क्वालिटी) १०० पैकी ८०च्या आसपास ठेवला, तर एकेका छायाचित्राचे वजन बहुधा काही शे केबीवर येते आणि पडद्यावर फरक जाणवत नाही.

आता आपल्या गावासाठी म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहितो. फोनमध्ये लोकेशन चालू असेल, तर छायाचित्राच्या फाइलमध्ये ते काढले त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. घराच्या छायाचित्रात त्याने काही बिघडत नाही, पण कासवाच्या घरट्याचे किंवा वाळूतील मागाचे छायाचित्र पानावर घालणार असाल, तर ही नोंद आधी पुसून टाकावी. ऑलिव्ह रिडले हे कासव १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि अंडी संरक्षित जागेत हलवली जाण्यापूर्वी घरट्याचा नेमका ठावठिकाणा भलत्याच्या हाती पडू नये. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमधील डिटेल्स या भागात ही नोंद काढून टाकण्याची सोय असते.

प्रश्न : सावंतवाडीत आमचा लाकडी वस्तूंचा व्यवसाय आहे. गिऱ्हाइकाने आपल्या संगणकावरील छायाचित्र निवडावे आणि ते आमच्या लाकडी चौकटीत कसे दिसेल हे त्याला मागणी नोंदवण्यापूर्वीच पानावर पाहता यावे, अशी माझ्या मुलीची कल्पना आहे. फाइल निवडण्याचे बटण तिने केले, पण निवडलेल्या फाइलचा पत्ता घेऊन तो इमेज टॅगला दिला तर चित्र येत नाही, आणि पत्त्यात ‘सी ड्राइव्ह, फेकपाथ’ असे काहीतरी दिसते. शिवाय लोकांची घरगुती छायाचित्रे आमच्या सर्व्हरवर येऊन पडावीत, अशी आमची इच्छा नाही.

उत्तर : आपली शेवटची काळजी वाचून समाधान वाटले. सर्व्हरवर काहीही न पाठवता हे काम होते.

‘फेकपाथ’ नावाचा फोल्डर कोणाच्याच संगणकावर शोधू नये. खऱ्या पत्त्यात माणसाचे नाव किंवा खासगी फोल्डरांची नावे असू शकतात, म्हणून ब्राउझर तो लपवतो आणि त्या जागी हा खोटा पत्ता पुढे करतो. पानाला पत्ता मिळत नाही, पण गिऱ्हाइकाने आपल्या हाताने निवडलेली फाइल मात्र मिळते. वेळासच्या वाचकांना जे नाकारले जाते ते येथे मिळते, कारण मधे मालकाची संमती आहे. पानाने आपणहून एखादी फाइल निवडून ठेवण्याची सोय मुद्दाम ठेवलेली नाही.

ती फाइल मुलीने जावास्क्रिप्टमधील ‘क्रिएट ऑब्जेक्ट यूआरएल’ या फंक्शनला द्यावी. त्यातून ‘ब्लॉब’ने सुरू होणारा एक तात्पुरता पत्ता मिळतो, तो इमेज टॅगला दिला की छायाचित्र चौकटीत दिसते. हा पत्ता त्याच ब्राउझरमध्ये आणि ते पान उघडे असेपर्यंतच चालतो, त्यामुळे तो मागणीच्या नोंदीत साठवून काही उपयोग नाही. गिऱ्हाइकाने दुसरे छायाचित्र निवडले की आधीचा पत्ता ‘रिव्होक ऑब्जेक्ट यूआरएल’ने रद्द करावा, नाहीतर जुनी छायाचित्रे स्मृतीत साठत राहतात. ‘फाइल रीडर’ वापरूनही हे साधते, परंतु त्यात छायाचित्राचे रूपांतर लांबलचक मजकुरात होते आणि तो मूळ फाइलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठा होतो. मोठ्या छायाचित्रांसाठी मी पहिलीच रीत सुचवीन.

मागणी पक्की झाल्यावर छायाचित्र आपल्याकडे यावेच लागेल, तेव्हा ते पाठवण्याचे बटण वेगळे ठेवावे, आणि ते दाबेपर्यंत छायाचित्र गिऱ्हाइकाच्या संगणकाबाहेर जात नाही, असे निवडीच्या बटणाशेजारीच सुबोध मराठीत लिहावे. फाइल निवडताना केवळ चित्रेच दाखवावीत अशी सूचना बटणाला देता येते, पण ती सूचनाच असते. आलेली फाइल खरोखर छायाचित्र आहे की नाही, हे सर्व्हरवर पुन्हा तपासावे.