पर्ससीन, ट्रॉलर आणि आपली रापण

प्रश्न : मासेमारीवरच्या इंग्रजी अहवालांचं मी मराठी भाषांतर करते. आपल्याकडच्या बातम्यांत ‘पर्ससीन ट्रॉलर’ असं सर्रास छापलेलं दिसतं. पर्ससीन हे जाळं की बोट? त्यात ‘पर्स’ कुठून आली? आणि उच्चार ‘सीन’ की ‘सेन’?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : पर्ससीन हे जाळं. ते घेऊन जाणारी बोट ती पर्ससीनर. ‘पर्ससीन ट्रॉलर’ लिहिणं म्हणजे दोन वेगळ्या धंद्यांची मोट बांधणं, आणि माझ्या मते बातमीदारांनी ते आता थांबवावं. ट्रॉल हे तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळतं होत जाणारं जाळं. बोट ते मागून ओढत नेते, बहुधा तळाला लागून. तोंड उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना जड फळ्या असतात. कोळंबीवाले ते वापरतात. पर्ससीन असं ओढत हिंडवत नाहीत. बांगड्याचा, तारलीचा थवा पाण्याच्या वरच्या थरात दिसला की त्याला वेढा घालून ते सोडतात.

आता ‘सीन’. हा शब्द लॅटिनमधल्या ‘साजेना’वरून आला, आणि लॅटिनने तो ग्रीककडून घेतला. मत्तयाच्या शुभवर्तमानात स्वर्गाच्या राज्याला समुद्रात टाकलेल्या जाळ्याची उपमा दिली आहे, तिथे मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द आहे. अर्थ : वेढा घालून ओढायचं लांब जाळं. माझं आजोळ मालवणचं, रापणकरांचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांचं. तेव्हा पुढचं वाक्य लिहिताना मला जरा गंमत वाटते. इंग्रजीच्या हिशेबाने आपली रापण हीसुद्धा सीनच! तिला ‘शोअर सीन’ किंवा ‘बीच सीन’ म्हणतात. पर्ससीनच्या विरोधात मोर्चे काढणाऱ्या रापणकरांना हे नातं सांगून बघा, काय उत्तर मिळेल ते मी इथे छापू शकत नाही.

पण नातं असलं तरी फरक मोठा आहे, आणि तो सगळा ‘पर्स’मध्ये आहे. रापण घालताना दोरीचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ घेते आणि दुसरं टोक किनाऱ्याला आणते. मग दोन्हीकडून माणसं ओढतात. मासा खालून निसटत नाही, कारण खाली वाळू आहे. खोल पाण्यात ही वाळू कुठून आणणार? तिथे जाळ्याचा वेढा पुरा झाला तरी बूड उघडंच. मासा घाबरला की खाली बुडी मारतो आणि गेला. म्हणून जाळ्याच्या खालच्या काठाला कड्या लावतात, कड्यांतून एक दोर ओवतात, वेढा पुरा होताच विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, तो दोर खेचतात. बूड आवळलं जातं. आजीच्या बटव्याची नाडी ओढल्यावर होतं तेच. ‘पर्स’ म्हणजे इथे हाच नाडीचा बटवा. खांद्याला लटकवायची पर्स डोळ्यांसमोरून काढून टाका. दोर तो ‘पर्स लाइन’, आवळण्याची क्रिया ती ‘पर्सिंग’.

जाळ्याचं बूड माणसाने तयार केलं आणि किनाऱ्याची गरज संपली. थवा जिथे असेल तिथे जाऊन, अख्खाच्या अख्खा उचलता येऊ लागला. किनाऱ्याकडे यायच्या आधीच तो उचलला गेला, तर रापण ओढायची कशावर? भांडणाचं मूळ हे आहे. म्हणूनच 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने महाराष्ट्राने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत ठेवली. केंद्राने 2017 मध्ये एलईडी दिवे लावून केलेल्या मासेमारीवर बंदी घातली तीही याच्याशी जोडलेली : दिव्याने थवा गोळा करायचा आणि भोवती बटवा आवळायचा.

उच्चार इंग्रजीत ‘सेन’, ‘रेन’शी यमक जुळणारा. पॅरिसच्या सेन नदीचं स्पेलिंग तेच, पण तिचा याच्याशी काही संबंध नाही. मराठीत मात्र ‘पर्ससीन’ रुळलं आहे, बंदरावर तर ‘पर्सिन’ ऐकू येतं. मी ‘पर्ससीन’च ठेवीन. ‘पर्ससेन’ लिहिलंत तर हर्णैच्या जेटीवर कोणाला कळणार नाही.

भाषांतरात आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. ‘शूट द नेट’ म्हणजे जाळं सोडणं. आणि ट्रॉलच्या शेपटाकडच्या पिशवीला ‘कॉड एंड’ म्हणतात, त्यात कॉड मासा शोधू नका. जुन्या इंग्रजीत ‘कॉड’ म्हणजे पिशवी. ‘पर्स सीनर’ला ‘पर्ससीन नौका’ लिहा, ‘रिंग सीन’ला (हेही पर्ससीनसारखंच बूड आवळायचं जाळं) ‘रिंगसीन’च राहू द्या. ‘बीच सीन’ आलं आणि मजकूर आपल्या किनाऱ्याचा असला, तर सरळ ‘रापण’ लिहा; मजकूर पोर्तुगालचा असला तर ‘किनाऱ्यावरून ओढायचं जाळं’.