रुंद पट्टी, अरुंद पट्टी आणि न जुळणारा कोपरा

प्रश्न : आरशासाठी लाकडी चौकट करतो आहे. वरची आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या ५० मिमी रुंद आहेत, खालची मात्र मुद्दाम ७५ मिमी ठेवली आहे. चारही कोपरे ४५ अंशांत कापले. वरचे दोन झकास बसले, खालचे काही केल्या जुळत नाहीत. करवतीत दोष आहे का?

उत्तर : करवत ठीक आहे, अंशच चुकले. ४५ अंश चालतात ते दोन्ही पट्ट्या सारख्या रुंद असतील तेव्हाच. तुमच्या ७५ मिमी पट्टीवरचा तिरका काप साधारण १०६ मिमी लांब झाला, ५० मिमी पट्टीवरचा ७१. हे दोन काप एकमेकांना भिडणार कसे?

माझा आग्रह असा की कोन मोजत बसूच नका, तो पट्ट्यांकडूनच घ्या. दोन्ही पट्ट्या चौकटीच्या बाहेरच्या मापाइतक्या लांब, टोकं काटकोनात कापलेली हवीत. बाजूची पट्टी खालच्या पट्टीवर गुण्या लावून काटकोनात ठेवा, बाहेरच्या कडा तंतोतंत जुळवा. बाजूच्या पट्टीची आतली कड खालच्या पट्टीच्या आतल्या कडेला जिथे भेटते, तिथे धारदार चाकूने बारीक खूण करा. पेन्सिलची रेघ जाड होते, इथे तेवढ्यानेही फट राहते. खुणेपासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढा. मग पट्ट्यांची अदलाबदल करून दुसरीवरही तसंच करा. आता दोन्ही काप ९० मिमीच्या आसपास, अगदी सारखे येतील.

आकडे हवेतच तर : लांब कडेपासून मोजल्यास रुंद पट्टीचा कोन ५६.३ अंश, अरुंद पट्टीचा ३३.७. बेरीज ९०. इथेच बहुतेकांची गल्लत होते. मायटर सॉचा, म्हणजे कोन लावून कापणाऱ्या यंत्र-करवतीचा, शून्य म्हणजे सरळ आडवा काप, त्यामुळे यंत्रावर आकडे उलटतात : रुंद पट्टीला ३३.७, अरुंद पट्टीला ५६.३. बऱ्याच यंत्रांचा काटा ५० अंशांच्या आसपासच अडतो. अशा वेळी अरुंद पट्टीसाठी यंत्राशी झटापट करू नका. हातकरवतीने रेघेच्या किंचित बाहेरून कापा आणि रंध्याने रेघेपर्यंत आणा. रंधा आतल्या कडेकडून टोकाकडे चालवा, टोकामागे टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट दाबून धरा. हे टोक फार निमुळतं असतं, आधार नसेल तर तुटतंच.

सरस लावताना कापाच्या तोंडावर आधी एक पातळ हात द्या, लाकडाने तो पिऊ द्या, मग दुसरा हात देऊन सांधा आवळा. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. नंतर आकसलं तर सांधा आतल्या बाजूने उघडतो, आणि रुंद पट्टी जास्त आकसते.

कडेला गोलाई किंवा खाच काढायचा विचार असेल तर तो सोडा. सारख्या मापाची खाच कोपऱ्यात ४५ अंशांच्या रेषेवर वळते, तुमचा सांधा त्या रेषेवर नाही. खाचा सांध्यावर भेटणारच नाहीत. या चौकटीला सपाट पट्ट्याच शोभतील.