मुलगी फोटो काढू देत नाही, काय करू?

"मॅडम, मुलगी फोटोच काढू देत नाही, आता स्थळं बघायचीत, काय करायचं?" सांगलीत माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आया हे फार विचारतात. म्हणून एका मुलीचं सांगते, तिला विचारूनच, आणि ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

पंचविशीतली मुलगी, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशोब बघते, सौद्याच्या गडबडीत भल्याभल्यांना ऐकत नाही पण मोबाईल समोर आला की तोंड फिरवणार. बायोडेटासाठी स्टुडिओत फोटो काढले तेव्हा तिथल्या माणसाने न विचारता रंग उजळ केला, गालावरचा तीळ पुसला, घरी सगळ्यांना फोटो आवडला आणि हिच्या मनात बसलं की खरी मी कुणालाच नकोय. हे तिने इतक्या सपाट आवाजात सांगितलं ना, रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

सेल्फीत तिला स्वतःचं नाक खुपायचं. मोबाईल अगदी जवळ असतो म्हणून तसं होतं, साधारण ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरच्यापेक्षा ३० टक्क्यांपर्यंत रुंद दिसू शकतं. शिवाय आरशात आपण स्वतःला उलटं बघतो, तेच सवयीचं होतं, १९७७ च्या एका अमेरिकन अभ्यासात बायकांना स्वतःचा आरशासारखा फोटो जास्त आवडला आणि जवळच्या माणसांना सरळ. हे ऐकून तिला जरा हलकं वाटलं, पण तेवढ्याने भागत नाही.

ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात फोटोग्राफर जो स्पेन्स आणि रोझी मार्टिन या दोघी मनावरचा उपचार म्हणून आळीपाळीने एकमेकींचे फोटो काढायच्या, कसं दिसायचं ते कॅमेऱ्यासमोरची ठरवायची. तेच धरून मी ओळखीच्या फोटोग्राफर ताईंना बोलावलं. जागा, कपडे हिचे, प्रत्येक फोटो लगेच हिला दाखवायचा, नको असेल तर तिथंच डिलीट आणि का म्हणून कुणी विचारायचं नाही. आयर्विन पुलावर काढलेले सगळे उडवले तिने. मग म्हणाली, ताई तुम्ही उभ्या रहा, मी काढते. त्यानंतरच ती मोकळी झाली, स्वतःच म्हणाली दुकानात काढूया, आणि तिथं पोत्यांशेजारी, बोटं पिवळी, वही हातात असा एक फोटो तिने ठेवला. मी विचारलं, या फोटोतल्या मुलीबद्दल सांग. "चिडकी दिसते. पण हिला कुणी हिशोबात फसवणार नाही."

पुढची कितीतरी सेशन्स आम्ही त्या वाक्यावरच बोललो. बायोडेटाला दुसरा फोटो लागला कारण आईला मागे पोती नको होती, पण तीळ आहे तिथंच राहिला. ग्रुप फोटोत अजून ती कडेलाच उभी राहते, राहू दे.

तर आयांनो, चोरून फोटो काढू नका, फिल्टर तर अजिबात नको, निवड तिच्या हातात द्या. आणि मुलगी तासन्‌तास एकाच खोडीसाठी आरसा बघत असेल, बाहेर पडणंच बंद केलं असेल तर फोटोबिटो बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, त्यावर चांगले उपचार आहेत.