१४ इंची २.८के की १५.६ इंची फुल एचडी? आधी अक्षर ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: साधारण एकाच किमतीत दोन लॅपटॉप मिळताहेत. एक १४ इंची, २८८० बाय १८०० रिझोल्यूशनचा, म्हणजे २.८के. दुसरा १५.६ इंची, फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८०. काम भाषांतराचं, डावीकडे मूळ पीडीएफ, उजवीकडे वर्ड, टायपिंग मराठीत, अधूनमधून एक्सेल. चाळिशीचा चष्मा लागलाय. घरी वेगळा मॉनिटर मांडायला जागा नाही आणि लॅपटॉप आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच बाहेर न्यायचाय. अशा वेळी "पिक्सेल जास्त तो घे" हा सल्ला हमखास मिळतो. तुमच्या बाबतीत तो मला पटत नाही.

पिक्सेल जास्त असले की स्क्रीनवर मजकूर जास्त मावतो, हा समज स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं ठराविक टक्क्यांनी मोठं करून दाखवणं, कुणी वापरत नव्हतं तेव्हाचा. तेव्हा तो खराही होता. १३६६ बाय ७६८ वरून १९२० बाय १०८० वर गेलं की एक्सेलचे जादा कॉलम खरोखर दिसायचे, फक्त सगळं बारीक व्हायचं. आता दाट पिक्सेलची स्क्रीन असली की विंडोज स्वतःहूनच सगळं १५० किंवा २०० टक्क्यांवर नेऊन ठेवतं. ते नेलं नाही तर मेनूसुद्धा भिंगातून वाचावे लागतील.

याचा परिणाम बघायचा तर एकाच आकाराच्या दोन स्क्रीन घेऊ. १५.६ इंची फुल एचडी १२५ टक्क्यांवर ठेवली की प्रोग्रामना मिळणारी जागा होते १५३६ बाय ८६४. त्याच आकाराची फोरके स्क्रीन, म्हणजे ३८४० बाय २१६०, घ्या आणि अक्षर तेवढंच दिसावं म्हणून स्केलिंग २५० टक्के करा. जागा किती? तीच, १५३६ बाय ८६४. पिक्सेल चौपट झाले, पण मजकुराची एक ओळसुद्धा जादा मावली नाही. अक्षरांच्या कडा मात्र सुबक झाल्या.

म्हणून मी उलट बाजूने सुरुवात करतो. तुम्हाला किती मोठं अक्षर लागतं ते तुमचे डोळे आणि बसण्याचं अंतर ठरवतं, दुकानदार नाही. ते एकदा ठरलं की त्या अक्षरात किती मजकूर मावेल हे सेंटिमीटर ठरवतात. पिक्सेलांची पाळी त्यानंतर.

तुमच्या कामाला तर मोजपट्टी पुरे. ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो, दोन शेजारी ठेवले की ४२. १४ इंची १६:१० (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) स्क्रीनची रुंदी सुमारे ३०.२ सेंटिमीटर, १५.६ इंचीची ३४.५. दोन पानं पूर्ण रुंदीनिशी शेजारी-शेजारी उघडली तर पहिल्यावर प्रत्येक पान मूळ आकाराच्या ७२ टक्के होतं, दुसऱ्यावर ८२ टक्के. १२ पॉइंटचा मजकूर एका ठिकाणी साडेआठ पॉइंटांइतका दिसणार, दुसऱ्या ठिकाणी जवळपास १० पॉइंटांइतका. आत्ता घरी प्रिंटर असेल तर तुमच्याच एखाद्या मजकुराचं पान साडेआठ आणि १० पॉइंटांत छापा, लॅपटॉप जिथे असतो तेवढ्या अंतरावर धरा आणि नेहमीचा चष्मा लावून वाचा. कागदावरची छपाई कुठल्याही स्क्रीनपेक्षा रेखीव असते. तिथेही साडेआठ पॉइंट जड गेलं, तर १४ इंचांत कितीही पिक्सेल भरले तरी फरक पडणार नाही. समासांची पांढरी पट्टी झूम करून बाहेर ढकलता येते, हे मान्य. पण ती सोय दोन्हीकडे आहे.

म्हणजे रिझोल्यूशन फुकट, असं मात्र म्हणायचं नाही. देवनागरी वाचणाऱ्याला तर मुळीच नाही. रोमन लिपीतलं 'एन' किंवा 'ओ' थोड्या पिक्सेलांत भागतं. आपल्याकडे एकाच अक्षरात वर शिरोरेघ, तिच्यावर रफार आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. 'द्ध' आणि 'द्ध्य' यांतला फरक, किंवा 'र्‍या'तली ती चंद्रकोर, कमी पिक्सेलांत लिंपली जाते. प्रूफ तपासताना डोळा अंदाजाने पुढे सरकतो आणि चूक तशीच राहते. वरच्याच उदाहरणात साडेआठ पॉइंटांच्या अक्षराला १४ इंची २.८के स्क्रीनवर उभे सुमारे २९ पिक्सेल मिळतात, तर १५.६ इंची फुल एचडीवर १० पॉइंटांच्या अक्षराला १९ च्या आसपास. त्यामुळे ज्यांची जवळची नजर अजून शाबूत आहे, त्यांना बारीक पण रेखीव अक्षर चालून जातं आणि लहान लॅपटॉप परवडतो. चाळिशी लागलेल्याला रेखीवपणा आवडतो, पण आकाराची भरपाई त्याने होत नाही.

मग किती पिक्सेल पुरे? चांगल्या नजरेच्या माणसाला ६० सेंटिमीटरवरून इंचाला साधारण १४५ आणि ५० सेंटिमीटरवरून १७५ पिक्सेलांच्या पुढे सुटे ठिपके ओळखू येत नाहीत, असा ढोबळ हिशोब धरतात. १५.६ इंची फुल एचडीवर ही घनता १४१ भरते, म्हणजे अगदी काठावर. १४ इंची २.८केवर २४३, म्हणजे गरजेपेक्षा बरंच जास्त. आणि १५.६ इंचांत १३६६ बाय ७६८ मिळत असेल तर ती १००, तो लॅपटॉप फुकट दिला तरी भाषांतराला घेऊ नका.

जादा पिक्सेलांचा खर्चही असतो. दाट एलसीडी पॅनलमधून उजेड पार व्हायला जागा कमी मिळते, त्यामुळे तेवढ्याच प्रकाशासाठी मागचा दिवा जास्त पेटवावा लागतो आणि बॅटरी लवकर उतरते. फोरकेवर हे चांगलंच जाणवतं. शिवाय जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांवर चालणारं एखादं सॉफ्टवेअर अजून वापरत असाल तर ते २०० टक्क्यांवर धुरकट दिसण्याची शक्यता बरीच आहे. त्या प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीखाली हाय डीपीआयची सेटिंग असते, तिथे 'सिस्टीम एन्हान्स्ड' निवडून बघा. कधी सुधारतं, कधी नाही.

माझं मत विचाराल तर या दोनांत १५.६ इंची. पण त्याआधी १६ इंची, १६:१० आकाराचा मिळतो का बघा. इंचांचा आकडा कर्णाचा असतो आणि तो फसवतो. १५.६ इंची १६:९ आणि १६ इंची १६:१० या दोन्हींची रुंदी जवळजवळ सारखीच, ३४.५ सेंटिमीटर. वाढते ती उंची, सुमारे दोन सेंटिमीटर. टास्कबार आणि वर्डची रिबन आपला वाटा आधीच घेऊन बसलेली असते, त्यामुळे ते दोन सेंटिमीटर सगळे मजकुराला मिळतात, चार-पाच ओळी सहज. १९२० बाय १२०० असेल तरी चालेल. २५६० बाय १६०० मिळाला तर घनता १८९ होते आणि मराठीला तो नामी. त्यापुढचं रिझोल्यूशन तुमच्या कामात दिसणारही नाही.

१४ इंची मी एकाच परिस्थितीत सुचवला असता: टेबलावर कायमचा मॉनिटर असता तर. २४ इंची मॉनिटर सुमारे ५३ बाय ३० सेंटिमीटरचा असतो, म्हणजे दोन ए-४ पानं मूळ आकारात शेजारी-शेजारी रुंदीत आरामात बसतात. भिंतीवर आर्म लावून जागा निघत असेल तर पुन्हा विचार करा, मग सगळं गणित उलटतं.

स्वस्त फुल एचडी लॅपटॉपात मात्र एक मेख असते आणि तिचा रिझोल्यूशनशी संबंध नाही. तपशिलात '४५ टक्के एनटीएससी' (किती रंग दाखवता येतात त्याचं माप) आणि '२५० निट्स' (उजेडाचं माप) असं लिहिलेलं दिसलं तर ते पॅनल फिकट आणि मंद असणार. खिडकीशेजारी बसून काम करायचं असेल तर निदान ३०० निट्स हवेत, आणि पॅनल आयपीएस किंवा ओलेड प्रकारचं आहे ना तेही विचारून घ्या. टीएन या जुन्या प्रकारचं पॅनल असेल तर नाहीच. मान जरा हलली की वरच्या आणि खालच्या ओळींचा रंग बदलतो. अशा पॅनलचा १५.६ इंची आणि चांगल्या पॅनलचा १४ इंची अशी निवड उरली तर मी दोन्ही सोडून आणखी थोडं थांबेन.

आणि दुकानात गेलात की मोठ्या लॅपटॉपवर बसून पाच मिनिटं मराठी टाइप करून बघा. बऱ्याच १५.६ इंचींना उजवीकडे आकड्यांचं पॅड असतं, त्यामुळे मुख्य कीबोर्ड डावीकडे सरकतो आणि हात स्क्रीनच्या मधोमध येत नाहीत. दिवसभर टायपिंग करणाऱ्याला ते खुपतं. काहींना आठवड्याभरात सवय होते, काहींना कधीच होत नाही. १६ इंचींमध्ये पॅड नसलेले कीबोर्डही मिळतात.