सातवीत प्रकल्प घ्यावा का? घ्या, पण घरी देऊ नका

४८ मुलं, ३५ मिनिटांची तासिका, त्यात प्रकल्प घ्यावा की अभ्यासक्रम मागे पडेल, असा प्रश्न आहे. मागे पडतोच. जो भाग फळ्यावर तीन तासिकांत संपतो त्याला प्रकल्पातून आठ लागतात. म्हणून सत्रात एकच घ्या, आणि सगळा वर्गात. आकारिक मूल्यमापनाचा, म्हणजे सत्रभर चालणाऱ्या वर्गातल्या मूल्यमापनाचा, रकाना भरायला घरी दिलेला प्रकल्प आई करते, नाहीतर स्टेशनरीचं दुकान.

उदाहरण घ्या: शाळेतला गळका नळ दिवसाला किती पाणी घालवतो? चार-चार मुलांचे १२ गट, चार नळ. म्हणजे एका नळावर तीन गट, पण वेगवेगळ्या वेळी. बाटली १० मिनिटं नळाखाली धरायची आणि पाणी प्रयोगशाळेतल्या मोजपात्राने मोजायचं. मिनिटाला ६० थेंब पडत असतील तर १० मिनिटांत ढोबळमानाने ३० मिली भरतं. दिवसात अशी १० मिनिटं १४४ वेळा येतात, म्हणून मुलं लगेच १४४ ने गुणून ४.३२ लिटर लिहितात. इथे थांबवा आणि विचारा, शिपाईकाका संध्याकाळी मुख्य व्हॉल्व्ह बंद करतात, मग रात्री गळतं का? सात तासच पाणी चालू असेल तर उत्तर १.२६ लिटरवर येतं. एकाच नळावरच्या तीन गटांचे आकडेही जुळत नाहीत, कारण टाकी भरलेली असताना दाब जास्त असतो. त्यावर मुलं भांडतात, आणि सरासरी कशाला काढायची हे तेव्हा खरं कळतं. प्रकल्पाचा फायदा विचाराल तर हाच. ‘सर्वांगीण विकास’ वगैरे अहवालापुरतं ठेवा.

तोटाही गटातच दिसतो. ज्याला गुणाकारच अडतो तो मुलगा आठही तासिका बाटली धरून उभा राहतो, आणि सुंदर अक्षराची मुलगी तक्ता लिहीत बसते. त्यामुळे नवी संकल्पना प्रकल्पातून शिकवायला जाऊ नका; एककं, गुणाकार, सरासरी आधी फळ्यावर पक्कं करा, आणि गटातली कामं दर तासिकेला बदला. सहाचा गट केलात तर दोघं नुसते बघे.

२० गुणांपैकी ८ तारीखवार कच्च्या नोंदींना, ४ आकडेमोडीला, ८ प्रत्येकाच्या वेगळ्या तोंडी प्रश्नाला द्या. सजावटीला शून्य, आणि हे पहिल्याच दिवशी सांगा. थर्माकोल आपोआप थांबतो. घ्यायचा तर जुलैत घ्या. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमींमुळे प्रत्येक गटातलं एखादं तरी मूल गायब असतं.